आधी माप, मग माणूस

मागच्या संकष्टीला ओझरला गेलो होतो. विघ्नहराचे दर्शन झाले, भावाच्या घरी जेवण झाले आणि परतताना हमरस्त्यावरच्या एका पंपावर थांबलो. पुढे एक ट्रॅक्टर उभा होता. मालक पंचविशीतला, हुशार दिसणारा. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हातात नोटा. पंपावरच्या पोराने टाकीत नळी घातली, काढली आणि "झालं दादा" म्हणाला. याने नोटा दिल्या, ट्रॅक्टर सुरू केला. यंत्राकडे त्याने एकदाही मान वळवली नव्हती.

मला राहवले नाही. विचारले, "शून्य पाहिलं होतंस का रे?"

तो हसला. "काका, आता सगळं कंप्युटरवर असतं. त्यात काय पाहायचं?"

शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, चाळीस वर्षांपूर्वी आमच्या घरातही कोणी पाहिले नव्हते. त्याची किंमत आम्ही थोडी भरली आणि एका गरीब माणसाने फार मोठी भरली. ती हकिगत आज सांगतो आणि तिच्या निमित्ताने पंपावरच्या जुन्या-नव्या लबाड्याही सांगतो. माझे काम खते, बियाणे आणि औषधांबद्दल सांगण्याचे. पण डिझेल हेही शेतीचे खाद्यच आहे, आणि ते मापात मिळाले नाही तर बाकीचा हिशेब जुळत नाही.

अठरा तासांचा कॅन

सन १९८२ ची गोष्ट. मी तेव्हा शाळेत होतो. कुकडीच्या काठाला आमचे पाच हॉर्सपॉवरचे डिझेल इंजिन होते, दादांचे आणि चुलत्यांचे सामाईक. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. येडगाव धरणामुळे नदीला पाणी होते, पण वीज आमच्या रानापर्यंत यायची होती. उन्हाळी कांदा आणि थोडासा ऊस, साऱ्याची मदार त्या इंजिनावर.

डिझेल आणायचे ते वीस लिटरच्या कॅनमधून, सायकलच्या कॅरिअरला बांधून. हिशेब सरळ होता. इंजिन तासाला साधारण लिटरभर डिझेल खाते, म्हणजे एक कॅन वीस तास चालायला हवा. पण कॅन अठरा तासांतच संपू लागला. एकदा झाले, दोनदा झाले, मग दर खेपेला तेच.

इंजिनावर आमचे सालगडी असत. पश्चिमेकडच्या डोंगरातून आलेले. आम्ही मुले त्यांना मामा म्हणायचो. रात्री-अपरात्री दारे धरायची, इंजिनाचे पाणी-तेल पाहायचे, सारे त्यांच्याकडे. एक दिवस चुलत्यांनी शब्द टाकला, "डिझेल कुठं जातंय, ते आता सांगायला पायजे का?" बाटलीने चोरून डिझेल घेणारे गिऱ्हाईक गावात होते, हे साऱ्यांना ठाऊक होते. मामांनी विघ्नहराची शपथ घेतली. "मालक, थेंब जरी घेतला असंल तर हात झडतील," म्हणाले. दादा काहीच बोलले नाहीत. पण पाडव्याला साल संपले, तेव्हा हिशेबातून डिझेलचे पैसे कापले गेले. हातावर पडलेले पैसे मामांनी मोजले नाहीत. तसेच कनवटीला लावले, घोंगडी खांद्यावर टाकली आणि गेले.

पुढे मे महिन्याची सुट्टी लागली. नवा गडी मिळाला नव्हता म्हणून इंजिनावर मी बसलो. कॅन उघडला मी, टाकी भरली मी, रात्री राखण केली मी. कॅन अठरा तासांतच संपला.

रात्री जेवताना मी ते सांगितले. कोणी काही बोलेना. आई चुलीपुढे भाकरी थापत होती. तव्यावरची नजर न काढता ती म्हणाली, "आता कुणाला चोर म्हणायचं? पोराला?"

दुसऱ्या दिवशी तिच्याच सांगण्यावरून कंट्रोलच्या दुकानातून रॉकेल मोजायचे लिटरचे माप मागून आणले. वजनमापे खात्याचा शिक्का असलेले. पंपावरून आलेला कॅन अंगणातच मोजला. कॅनवर खूण अशी नव्हतीच. खांद्यापर्यंत आले की वीस झाले, असे आम्ही इतके दिवस धरून चाललो होतो. अठरा मापे भरली, एकोणिसावे अर्धेही भरले नाही. दादा बराच वेळ ते माप हातात धरून उभे राहिले.

पुढच्या खेपेला दादांनी मला बरोबर नेले. पंपावरची रीत अशी होती की गिऱ्हाइकाने आधी ऑफिसात पैसे भरायचे, पावती आणायची. दादा आत गेले. मला बजावून गेले होते, यंत्रापासून हलायचे नाही. पंपावरचा माणूस म्हणाला, "पोरा, तेवढा माठातला तांब्या भरून आण." मी हललो नाही. त्याने कॅनमध्ये नळी घातली. तेव्हाची यंत्रे आकड्यांच्या चाकांची होती. मी पाहिले तर चाक दोनावर उभे होते. आधीच्या गिऱ्हाइकाचे दोन लिटर आमच्या कॅनमध्ये मोजले जाणार होते. मी ओरडलो, "दादा, आकडा दोनावर हाये!"

मालक बाहेर आला. "नजरचूक झाली," म्हणाला.

दादा शांतपणे म्हणाले, "नजरचूक दर खेपंला एकाच बाजूला कशी हो होते?"

मालकाने एक कॅन फुकट देऊ केला. दादांनी तो घेतला नाही. त्यांनी दुसरा पंप धरला आणि पुढच्या चतुर्थीला देवळापुढच्या पारावर चार लोकांत सारी हकिगत सांगितली, स्वतःच्या चुकीसकट. त्या उन्हाळ्यात ओझरमधून डिझेलला जाणारा प्रत्येक जण माप बरोबर नेऊ लागला. पंपांवर हळूहळू कोणी पोराला पाणी आणायला पाठवेनासे झाले.

हिशेब पाहा. वीस लिटरमागे दोन लिटर, म्हणजे हंगामात तीनशे लिटर डिझेल जाळले तर तीस लिटर गेले. तीस लिटर म्हणजे तीस तासांचे पाणी. आमच्या कांद्याच्या एका पाळीपेक्षा जास्त.

डोळ्यांदेखत होणाऱ्या चोऱ्या

पुढे शेतकीची पदवी घेतली, नोकरीत गावोगाव फिरलो. पंपावरच्या किती परी ऐकल्या आणि काही स्वतः पाहिल्या.

सर्वांत जुनी माणसे काचेच्या पंपांबद्दल सांगत. दांडा मारून पेट्रोल वरच्या काचेच्या नळकांड्यात चढवायचे आणि मग गाडीत सोडायचे. माल डोळ्यांना दिसे, म्हणून लोकांचा विश्वास बसे. पण नळकांडे पुरते रिकामे होण्याआधी कॉक फिरवला की तळातला माल तिथेच राही.

आकड्यांच्या चाकांचे पंप आले तेव्हा शून्य न करण्याची युक्ती आली. तिचेच दुसरे रूप दोन हप्त्यांचे. तुम्ही दोनशेचे भरायला सांगता. भरणारा पन्नासला थांबतो. "दोनशे म्हणालो होतो," असे तुम्ही म्हटले की तो म्हणतो, "बरं, वरचे दीडशेचे टाकतो." यंत्र शून्यावर न नेता तो पन्नासापासून दीडशेपर्यंत नेतो. तुमच्या टाकीत पडते दीडशेचे, तुम्ही देता दोनशे. मधल्या वेळात दुसरा पोरगा काच पुसतो, तिसरा सुट्या पैशांचे विचारतो. काच पुसणे ही सेवा खरी, पण तुमची मान वळवायलाही ती कामाला येते.

फटफटीवाल्यांची फसवणूक तेलात होई. लुना, राजदूत, जुन्या स्कूटर ही दोन ठोक्यांची इंजिने. त्यांच्या पेट्रोलमध्ये लिटरला वीस ते चाळीस मिली तेल मिसळावे लागे. तेल कमी घातले किंवा हलके घातले तर लगेच कळत नाही. आठ-पंधरा दिवसांनी चढावर पिस्टन धरतो, तेव्हा दोष मेकॅनिकला किंवा गाडीला दिला जातो.

कॅनमध्ये घेताना फेसाचा घोटाळा असतो. डिझेल जोरात सोडले की फेस येतो आणि कॅन काठोकाठ दिसतो. शिवाय वीस लिटरचा म्हणून विकला जाणारा कॅन गळ्यापर्यंत भरला तर त्यात जास्तही मावते. म्हणून कॅन भरला, एवढ्यावरून माप बरोबर ठरत नाही.

आणि एक चोरी पंप आणि ड्रायव्हर मिळून करतात. ती कोऱ्या पावतीची. भरायचे चाळीस लिटर, लिहायचे पन्नास, फरक वाटून घ्यायचा. ट्रॅक्टर किंवा टेम्पो ड्रायव्हरच्या हाती सोपवणाऱ्या मालकांनी पावतीवरचे लिटर आणि कामाचे तास यांची वही ठेवावी. वहीत फरक दिसला तरी आमच्या दादांसारखी घाई करू नये. आधी टाकी मोजावी.

हे आपल्याकडेच होते असे नाही. अमेरिकेत पंपावरची माणसे काच पुसत, तेल-पाणी पाहत, चाकात हवा भरत. त्यांतली काही लबाड माणसे तेल पाहायची पट्टी पुरती आत न घालताच वर काढीत आणि तेल कमी आहे म्हणून गिऱ्हाइकाच्या गळ्यात डबा मारीत. कोणी पंख्याच्या पट्ट्याला हळूच चीर देत. १९७३ च्या तेलटंचाईनंतर तिकडे आपले आपण भरण्याचे पंप झपाट्याने वाढले. न्यू जर्सी राज्यात मात्र आजही कायद्याने पंपावरचा माणूसच भरतो. आपल्याकडेही माणूसच भरतो आणि त्यावर हजारो गरीब पोरांचे घर चालते. त्यातले बहुतेक सरळ आहेत. आपण काम त्यांच्याकडे द्यावे, डोळे मात्र आपले आपल्याकडे ठेवावेत.

निळ्या रॉकेलचा शाप

मापातली चोरी मोजून कळते. भेसळीचे तसे नाही. रेशनचे रॉकेल सरकार सवलतीत देई. डिझेल-पेट्रोल आणि रॉकेल यांच्या भावात मोठे अंतर पडले आणि त्या अंतरात काळा बाजार उभा राहिला. रॉकेल ओळखू यावे म्हणून त्याला निळा रंग दिला गेला, तरी टँकर वाटेत वळत राहिले. गावात आयाबाया डबे घेऊन कंट्रोलपुढे रांगा लावीत आणि "माल आला नाही" ऐकून परत जात. त्यांच्या घरच्या चिमणीतले रॉकेल कुणाच्या तरी इंजिनात जळत असे.

खरे सांगायचे तर आपणही धुतल्या तांदळासारखे नव्हतो. स्वस्त पडते म्हणून डिझेलच्या इंजिनात रॉकेल मिसळणारे शेतकरी मी पाहिले आहेत. त्यांना मी समजावत असे. डिझेल नुसते जळत नाही, ते वंगणाचेही काम करते. डिझेल पंपातला प्लंजर ज्या नळीत सरकतो तिथे केसाहूनही बारीक फट असते आणि तिथे डिझेल हेच तेल. रॉकेल पातळ, त्यात वंगण कमी. प्लंजर घासतो, दाब पडतो, नोझल थेंब टाकू लागते. इंजिन धूर ओकते, सकाळी सुरू होत नाही. ऐन भरण्याच्या वेळी इंजिन बंद पडले की वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट नुकसान होते.

या धंद्याला आड येणाऱ्यांचे काय झाले, तेही विसरू नये. १९ नोव्हेंबर २००५ रोजी इंडियन ऑइलचे तरुण अधिकारी एस. मंजुनाथ यांचा उत्तर प्रदेशात खून झाला. भेसळ करणाऱ्या पंपावर त्यांनी कारवाई केली होती. आणि आपल्याच राज्यातल्या नाशिक जिल्ह्यात, मनमाडजवळ पानेवाडीला, २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना तेलमाफियांनी भरदिवसा जिवंत जाळले. ते भेसळ पकडायला गेले होते. आज घरोघर गॅस आणि वीज आल्यावर रेशनचे रॉकेल आटत गेले आणि त्या भेसळीचे मूळच पातळ झाले. पण दोन माणसांनी त्यासाठी जीव दिला आहे.

कंप्युटरच्या पोटातली चोरी

आता त्या ट्रॅक्टरवाल्या पोराच्या उत्तराकडे येतो. "सगळं कंप्युटरवर असतं." हे खरे आहे, पण कंप्युटरला सांगणारा माणूसच असतो.

नव्या यंत्रात पल्सर नावाचा भाग असतो. डिझेल मापातून जाते तसा आतला दांडा फिरतो. पल्सर त्या फेऱ्यांचे विजेचे ठोके करतो आणि ठोके मोजून पडद्यावर लिटर उमटतात. या भागातच हात घातला आणि ठोके वाढवले, तर पडद्यावर पाच लिटर दिसतात आणि टाकीत कमी पडते. एप्रिल २०१७ मध्ये लखनौला पोलिसांनी छापे घातले, तेव्हा यंत्रात बसवलेल्या चिप सापडल्या. त्याच वर्षी जूनपासून ठाणे पोलिसांनी आपल्या राज्यात अनेक जिल्ह्यांतल्या पंपांवर छापे घातले आणि इथेही तसेच निघाले.

म्हणजे शून्य पाहणे आवश्यक आहे, पण आता तेवढे पुरेसे नाही. ही चोरी डोळ्यांना दिसत नाही. तिला पकडणारी गोष्ट जुनीच आहे, शिक्क्याचे माप.

तुम्ही काय करावे

१. भरण्याआधी आकडा शून्यावर आणि दर बरोबर आहे, हे पाहा. त्या वेळी कोणी बोलायला आले तर "थांब" म्हणा. पैसे नंतर द्या.

२. भरणे मध्येच थांबले तर तिथपर्यंतचे लिटर वाचून ठेवा. पुढचे भरणे त्याच आकड्यापासून चालू व्हावे किंवा नव्याने शून्यापासून आणि ठरलेल्या पैशांचे व्हावे.

३. प्रत्येक पंपावर शिक्का मारलेले पाच लिटरचे माप असते. ते मागण्याचा गिऱ्हाइकाला हक्क आहे. पाच लिटरला पंचवीस मिलीपर्यंतचा फरक चालतो, त्याहून कमी भरले तर तक्रार करा.

४. पेट्रोलबद्दल शंका आली तर गाळणकागद मागा. एक थेंब टाका. चांगले पेट्रोल दोनेक मिनिटांत उडून जाते, डाग उरत नाही. डिझेलला ही परीक्षा लागू पडत नाही. त्यासाठी घनता तपासून मागा आणि पंपाच्या नोंदीशी ताडा. पंधरा अंश तापमानाला आणून काढलेल्या आकड्यात दर घनमीटरला तीन किलोपेक्षा जास्त फरक निघाला तर माल संशयास्पद समजावा.

५. डिझेलचा कॅन घरी एकदा मोजून भरा आणि पाच, दहा, वीस लिटरच्या खुणा त्यावर स्वतः करा. भरताना कॅन जमिनीवर ठेवा, फेस बसू द्या, मग खूण पाहा. पेट्रोल प्लॅस्टिकच्या बाटलीत कधीही घेऊ नका, आगीचा धोका असतो.

६. यंत्राची दरवर्षी तपासणी होऊन त्याला सील लागते. दाखला पाहायला मागा. जुने वजनमापे खाते म्हणजेच आजचे वैधमापनशास्त्र खाते. पूर्वी १९७६ चा कायदा होता. त्याच्या जागी आलेला २००९ चा कायदा १ एप्रिल २०११ पासून लागू आहे. तक्रार लेखी करा, पावती जोडा.

सकाळी लवकर भरले तर जास्त येते किंवा शंभरऐवजी एकशेदहाचे भरले की फसवणूक होत नाही, अशा गोष्टी लोक सांगतात. पंपाची टाकी जमिनीखाली असते, तिचे तापमान दिवसभरात फारसे बदलत नाही. आणि ठोके वाढवलेले यंत्र एकशेदहालाही कमीच देते. अशा युक्त्यांवर विसंबू नका, मोजा.

आणखी एक. इंजिन अडले म्हणजे दर वेळी भेसळच असते असेही नाही. आता पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, त्यातले काही आपल्याच उसाचे. टाकीत पावसाचे पाणी शिरले तर इथेनॉल त्या पाण्याबरोबर तळाला बसते आणि इंजिन अडते. फवारणीचे आणि तणकटरचे यंत्र हंगाम संपल्यावर उभे करायचे असेल तर टाकी रिकामी करून ठेवा. पंपवाल्याशी भांडायला जाण्याआधी आपल्या टाकीचे झाकणही पाहा. माप सगळ्यांना सारखे लावावे.

राहिलेले देणे

मामांचे पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले.

पंपावरची भानगड उघड झाल्यावर आठच दिवसांनी दादा एस.टी.ने डोंगराकडे गेले. शेवटची वाट पायी होती. मला बरोबर घेतले होते. मामा घराच्या ओट्यावर दोर वळत बसले होते. दादांनी कापलेले पैसे त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणाले, "डिझेल तू नव्हतं घेतलं. पंपावरच माप मारत होते. माझं चुकलं."

मामांनी घरात हाक देऊन चहा सांगितला. पैसे बराच वेळ तसेच पडून होते. मग म्हणाले, "मालक, तुम्ही एवढं चढून आला, यात सगळं आलं. पण साल आता दुसरीकडं धरलंय."

ते परत कधी आमच्याकडे आले नाहीत. दादा पुढे वीस वर्षे जगले. घरात काही हरवले, काही कमी पडले आणि कोणी कोणाचे नाव घेतले, की ते एवढेच म्हणत, "आधी माप आणा."

पत्र्याचे एक लिटरचे माप त्यांनी नंतर स्वतः विकत घेतले होते. ते आमच्या पडवीत खुंटीला अजून टांगलेले आहे. इंजिन केव्हाच मोडीत गेले.